नर्सरीतून आणलेलं मोठं झाड: पहिले दोन उन्हाळे

नर्सरीतून आणलेलं झाड लावल्या लावल्या सहसा मरत नाही. जुलैत लागवड होते, पावसाच्या ओलीवर चार कोवळी पानं फुटतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात. मग पाऊस परततो, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागतं, पाणी कोणी घालायचं हे ठरलेलं नसतं आणि दिवाळीच्या आसपास पानांच्या कडा करपू लागतात. त्यातून वाचलं तर एप्रिल त्याची वाट बघत असतो. म्हणून या लेखात खड्ड्याइतकंच, किंबहुना जास्तच, नंतरच्या दोन उन्हाळ्यांबद्दल लिहिलं आहे.

आधी झाडाची अडचण समजून घेऊ. जमिनीत वाढवलेलं झाड खणून, मातीसकट गोणपाटात बांधून आणलं जातं तेव्हा त्याची बहुतांश मुळं तिथेच तुटून राहतात. पिशवीत वाढवलेल्या झाडाची मुळं शाबूत असतात, पण ती एवढ्याशा मातीत कोंबलेली असतात. दोन्हीकडे गोष्ट एकच. वर आठ फुटांचा पसारा आणि पाणी प्यायला बादलीभर माती. या मातीसकट मुळांच्या गोळ्याला नर्सरीवाले हुंडी म्हणतात. हुंडीतली मुळं बाहेर पडून आजूबाजूच्या जमिनीत शिरली की झाड रुजलं. तोपर्यंत ते तुमच्या पाण्यावर जगतं, पावसाच्या नाही. खाली सांगितलेलं सगळं या एका कामासाठी आहे.

झाड निवडताना

सगळ्यांना मोठं झाड हवं असतं. माझं मत उलट आहे. सहा फुटांचं झाड आणि बारा फुटांचं झाड शेजारी शेजारी लावलं, तर मोठं झाड मुळं भरून काढण्यात बराच काळ एका जागी थांबतं आणि लहान झाड तेवढ्यात त्याला गाठतं. शिवाय लहान झाड निम्म्याहून कमी पाण्यात भागवतं. तुमच्या गृहप्रकल्पात वृक्षतोडीच्या बदल्यात झाडं लावायची असतील तर मात्र हातात फारसं काही नसतं. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची, ती लावतानाच ६ ते ८ फूट उंच हवीत आणि पुढे ७ वर्षं जोपासायची. त्या मापातलं, पण त्याहून उंच नसलेलं झाड घ्या.

पुण्याकडची बरीचशी रोपं सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन, सोरतापवाडी भागातून येतात. फार मोठी, 'तयार' झाडं अनेकदा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने आलेली असतात. त्यांचा शेंडा छाटलेला असतो आणि हुंडी गोणपाटात आवळलेली असते. घेऊ नयेत असं नाही, पण ती इथल्या नर्सरीत येऊन किती दिवस झाले आणि तेवढ्यात नवी फूट आली का, हे विचारा.

नर्सरीत तीन गोष्टी हाताने तपासा. खोड धरून हलकेच हलवा. खोडाबरोबर हुंडी हलली पाहिजे. खोड मातीत सैल फिरत असेल तर हुंडी आत फुटलेली आहे. मग पिशवीच्या तळाशी बघा. मुळं पिशवी फोडून खालच्या जमिनीत गेली असतील तर उचलताना नेमकी तीच तुटणार, म्हणजे ते झाड त्या जागी फार दिवस पडून आहे. शेवटी बांधलेला बांबू सोडायला सांगा. बांबू सोडताच झाड कमानीसारखं वाकलं तर दुसरं बघा. उंची कमी चालेल, बुंधा जाड हवा.

कोणतं झाड लावायचं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच सांगतो की वड, पिंपळ, उंबर, पांगारा ही मंडळी हलवाहलव सोसतात. करंज, ताम्हण, बकुळ, कडुनिंब वेळेवर पाणी मिळालं की रुजतात. मोह आणि पळसाची सोटमुळं लवकर खोल जातात, त्यांना मोठेपणी हलवलेलं मानवत नाही. ती लहान रोपानेच लावावीत.

वेळ आणि वाहतूक

वळवाच्या पहिल्या सरीवर भुलू नका. मृगाचा पाऊस नीट लागून जमीन वीत-दीड वीत भिजली की लावायला सुरुवात करा. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ उत्तम. यामुळे थंडी येण्याआधी मुळांना तीन-चार महिने ओल मिळते. पाण्याची पक्की सोय असेल तर सप्टेंबरही चालतो. फेब्रुवारी ते मे या काळात 'उद्घाटन आहे म्हणून' झाडं लावायची वेळ आलीच, तर टँकरचा खर्च आधीच धरा.

टेम्पोतून उभं आणलेलं झाड वाऱ्याने सुकतं. आडवं ठेवून वर हिरवी नेट किंवा ओलं गोणपाट घाला. उतरवताना खोड धरून उचलू नका, भार हुंडीखाली घ्या. आल्या दिवशी लावता आलं नाही तर सावलीत ठेवून हुंडी ओली ठेवा.

खड्डा: खोल नको, रुंद हवा

तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा आपल्याकडे डोक्यात पक्का बसला आहे. मुरमाड, कठीण जमिनीत तो योग्यही आहे, कारण खाली मुळांना शिरायला जागाच नसते. पण चांगल्या मातीत एवढं खोल खणण्याचा उपयोग कमी. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात आणि आडवी दूरवर जातात. म्हणून खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद आणि हुंडीइतकाच खोल घ्या. भिंती गुळगुळीत राहिल्या असतील तर पहारीने खरवडून ठेवा. ओल्या काळ्या मातीत फावड्याने घासलेली भिंत वाळल्यावर इतकी घट्ट होते की मुळं तिला वळसा घालून आतच फिरत राहतात.

मुरमात खोल खड्डा घेतलाच असेल तर तो महिनाभर आधी, उन्हाळ्यातच घ्या. पोयटा माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरा. भरताना मधूनमधून पाणी सोडून माती बसू द्या. हे टाळलं तर झाड लावल्यानंतर माती खचते, झाड वीतभर खाली जातं आणि पुढच्या पावसात बुंध्याशी डबकं साचतं.

नव्या सोसायट्यांमध्ये पहार मारली की आधी राडारोडा लागतो. विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ, फरशीचे कपचे. एवढं सगळं उपसून काढणं कंटाळवाणं आहे, पण निदान खड्ड्याच्या रुंदीत तरी ते ठेवू नका.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर त्या जागी मुळं गुदमरणार. काळ्या मातीत हे हमखास होतं. अशा जागी झाड खड्ड्यात न लावता जमिनीच्या वर फूटभर मातीचा पसरट उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्यात विटा किंवा खडी भरल्याने निचरा होत नाही. खालची माती पाणी घेत नसेल तर ते पाणी खडीतच साचून राहतं.

लावण्याचा दिवस

आता ज्या कामाला सगळ्यात कमी वेळ दिला जातो त्याबद्दल.

पिशवी फाडून काढा. 'मुळं दुखावतील' म्हणून पिशवीसकट लावणारे लोक आहेत, आणि नुसत्या दोन चिरा देऊन लावणारे त्याहून जास्त. प्लास्टिक पूर्ण निघालंच पाहिजे. हुंडी गोणपाटात असेल तर खड्ड्यात ठेवल्यावर दोरी कापा, नायलॉनची असेल तर एक धागाही मागे ठेवू नका, आणि गोणपाट निदान वरच्या अर्ध्या भागातून काढून टाका.

मग हुंडीकडे नीट बघा. बऱ्याच पिशव्यांमध्ये तांबडी माती घट्ट बसलेली असते आणि तिच्याभोवती मुळांनी गोल गोल वेटोळी घातलेली असतात. तळाशी तर दोरीची चुंबळ बसावी तसा गुंता असतो. ही मुळं अशीच पुरली तर जमिनीत गेल्यावरही गोलच वाढतात. झाड तीन-चार वर्षं ठीक दिसतं आणि मग एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं, किंवा एखादं मूळ बुंध्याभोवती आवळत जाऊन त्याचाच गळा दाबतं. म्हणून धारदार सुरीने हुंडीच्या बाजूंवर वरून खाली तीन-चार ठिकाणी इंचभर खोल चिरा द्या आणि तळाचा गुंता कापून टाका. ऐकायला क्रूर वाटतं. प्रत्यक्षात कापलेल्या टोकाजवळून नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात. बारीक मुळं कापा, मनगटाएवढ्या मुळाला हात लावू नका.

पुढची गोष्ट खोलीची. खोड जिथे खाली रुंद होत जाऊन पहिल्या मोठ्या मुळांना मिळतं, तो पसरट भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. पिशवीतल्या झाडात तो अनेकदा दोन-तीन इंच मातीखाली दडलेला असतो, कारण रोप मोठ्या पिशवीत हलवताना वरून माती घातलेली असते. बोटाने उकरत जा, पहिलं जाड मूळ लागेपर्यंत. ती पातळी जमिनीशी जुळवा किंवा इंचभर वरच ठेवा. खोडाची साल मातीखाली कायम ओली राहिली की ती कुजते. मातीतून विजेचा खांब उभा करावा तसं सरळ वर आलेलं खोड दिसलं तर समजावं की झाड खोल गेलं आहे.

खणून निघालेलीच माती परत भरा. थोडं कुजलेलं शेणखत मिसळायला हरकत नाही, पण खड्ड्यात नुसतं खत आणि तांबडी माती भरून त्याची कुंडी करू नका. मुळं त्या गोड मातीतून बाहेर पडायला तयार होत नाहीत. कच्चं शेण तर अजिबात नको. ते कुजताना तापतं आणि त्याच्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात, ज्या बारीक मुळं कुरतडतात. वाळवीचा त्रास असलेल्या जागी दोन ओंजळी निंबोळी पेंड मातीत मिसळा. माती पायाने तुडवून घट्ट करण्याऐवजी पाणी सोडून बसवा.

आधार

झाड स्वतः उभं राहत असेल तर टेकू देऊ नका. वाऱ्याने थोडं हललेलं खोडच जाड होतं. हुंडी जमिनीत डगमगत असेल तर हुंडीच्या बाहेर दोन बांबू रोवा आणि जुन्या सायकलच्या ट्यूबने किंवा रुंद कापडी पट्टीने सैल बांधा. बांधायची उंची खोडाच्या निम्म्याहून कमी. तार, सुतळी, नायलॉन नको. हा आधार पुढच्या पावसाळ्यानंतर काढायचा असतो. आपल्याकडे टेकू देणारे पुष्कळ, काढणारा कोणी नसतो. पुढे तीच दोरी खोडात रुतलेली सापडते. लोखंडी ट्री-गार्डचंही तेच. गुराढोरांपासून वाचवायला लावा, पण घेर मोठा घ्या आणि तो कधी काढायचा ते लावतानाच ठरवा.

पाणी

पाणी कमी पडून झाडं मरतात हे सर्वांना माहीत आहे. पाणी रोज घातलं तरी मरतात, याचं मात्र नवल वाटतं. बहुतेक वेळा त्यामागे दोन कारणं असतात.

पहिलं, पाणी चुकीच्या जागी पडतं. तांबड्या मातीची हुंडी काळ्या मातीत बसवली की दोन्ही मात्या पाणी वेगळ्या प्रकारे धरतात. भोवतीची काळी माती ओली चिंब आणि हुंडी आतून कोरडी ठणठणीत, असं होतं. मुळं अजून हुंडीतच आहेत. म्हणून पहिले काही महिने पाणी थेट हुंडीवर, खोडापासून वीतभराच्या आत पडलं पाहिजे. आळं सुरुवातीला हुंडीच्या रुंदीपेक्षा थोडंच मोठं करा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर सरकवत जा. ठिबक असेल तर ड्रिपरही तसेच सरकवा. झाडाने दुसऱ्या वर्षी मुळं चार फुटांवर नेलेली असतात आणि ड्रिपर अजून बुंध्याला टेकलेला असतो, हे दृश्य जवळजवळ प्रत्येक बागेत दिसतं.

दुसरं, पाणी थोडं थोडं आणि वरवर पडतं. लॉनचे फवारे इंचभर माती ओली करतात, तेवढ्यावर गवत जगतं, झाड नाही. मोजमाप साधं ठेवा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड जितके इंच जाड, तितकं गुणिले १० लिटर, एका वेळी. दोन इंच खोडाला वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली. पाणी आळ्यात हळूहळू सोडा, आधी अर्धं, ते मुरलं की उरलेलं.

किती दिवसांनी घालायचं? लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पाऊस नसेल तर रोज किंवा एक दिवसाआड. पुढे तीन-चार दिवसांनी. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं. मार्चपासून पाऊस येईपर्यंत पुन्हा तीन-चार दिवसांनी. विदर्भात, मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेला की अंतर आणखी कमी. कोकणात जांभ्यावर लावलं असेल तर पाणी लगेच खाली निघून जातं, तिथे कमी पाणी पण लवकर लवकर द्यावं. काळ्या मातीत उलट, जास्त पाणी आणि जास्त दिवसांच्या अंतराने.

पण कॅलेंडरपेक्षा खुरप्यावर विश्वास ठेवा. हुंडीच्या कडेला चार-सहा इंच उकरा आणि माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर पाणी नको. भुगा झाला तर आजच घाला. हे हाताने बघणं महत्त्वाचं, कारण पाणी जास्त झालेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच माना टाकतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही. मग माळीकाका आणखी पाणी घालतात.

दोन वेळा हमखास विसरल्या जातात. एक, ऑगस्टमधली उघडीप. 'पावसाळाच आहे' म्हणून दहा-बारा दिवस कोणी पाणी घालत नाही आणि नुकती फुटलेली मुळं वाळतात. दुसरी, ऑक्टोबर. सोसायटीत पाण्याची जबाबदारी एका माणसावर टाकायची असेल तर ती जूनमध्ये नव्हे, १ ऑक्टोबरला टाका.

दूर, नळ नसलेल्या जागी मडकं पुरणं अजूनही चांगली युक्ती आहे. न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण चकाकी न दिलेलं साधं मातीचं मडकं, मानेपर्यंत, हुंडीला लागून पुरायचं. पाणी भरायचं, तोंड झाकायचं. मातीच्या भिंतीतून पाणी झिरपत राहतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात.

आच्छादन

पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळलेली पानं, काहीही चालेल. जाडी तीन-चार इंच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा बारीक मुळं अक्षरशः ओढून तोडतात. आच्छादन असलं की ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. फक्त खोडाला चिकटवून ढीग करू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. खोडावर मातीच्या नळ्या चढताना दिसल्या तर लगेच खरवडून काढा.

या वर्तुळात गवत नको. गवत वरची ओल आधी पळवतं. त्याहून वाईट म्हणजे ग्रास-कटरची दोरी. कोवळ्या खोडाची साल एकदा गोलाकार सोलली गेली की झाड वाचत नाही. बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक नकोत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी जागा आपण आधीच मोकळी सोडावी.

खत आणि छाटणी

पहिल्या वर्षी युरिया देऊ नका. युरियाने वर पाला वाढतो, तो पाजायला खाली मुळं नसतात. पुढच्या जूनमध्ये दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आच्छादनाखाली पसरलं की झालं.

'भार कमी करण्यासाठी' फांद्या छाटायचा मोह टाळा. मुळं वाढवायला लागणारं अन्न पानांतच तयार होतं. मोडलेल्या, वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. शेंडा कापू नका. बुंध्यातून फुटलेले धुमारे मात्र नखाने खुडून टाका.

पानं गळाली तर

लावल्यावर पानं पिवळी पडून गळणं म्हणजे झाड मेलं असं नाही. पाणी झेपत नाही म्हणून ते पसारा कमी करतं. बारीक फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत आहे, नेहमीसारखं पाणी द्या आणि थांबा. तपकिरी, कोरडं लागलं तर खाली खाली खरवडत जा, हिरवं सापडेल तिथवर वरची फांदी कापा. बहावा, ताम्हण, काटेसावर उन्हाळ्याच्या आधी नाहीतरी पानं झाडतात, तेव्हा फेब्रुवारीत त्यांच्याकडे बघून घाबरू नका.

दुसरं वर्ष

दुसऱ्या पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना हातभर नवी वाढ आली तर मुळं हुंडीबाहेर गेली आहेत. खोड हलवून बघा, जमीन हलत नसेल तर टेकू काढा. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी बंद करायचं नाही, पण अंतर वाढवायचं, आठ-दहा दिवसांवर न्यायचं, आणि प्रत्येक वेळी जास्त, रुंद आळ्यात. मुळांना ओलीच्या शोधात खाली-बाजूला जावं लागतं ते यामुळेच. तिसऱ्या उन्हाळ्यात काळ्या किंवा पोयट्याच्या जमिनीतल्या करंज-कडुनिंबाला महिन्यातून दोन भरपूर पाणी पुरतात. मुरमात लावलेल्या झाडाला आणखी एक वर्ष सांभाळा. मे महिन्यात संध्याकाळी चक्कर मारा. दुपारी मलूल दिसलेली पानं सहा वाजेपर्यंत ताठ झाली असतील तर घाबरायचं कारण नाही. सकाळीही ती मलूलच असतील तर आधी खुरप्याने उकरून बघा, आणि कोरडं लागलं तर बादली उचला.